विभाजन आणि जोडणी : युनिक्स प्रणालीतील अतिरिक्त हार्ड डिस्कच्या व्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : युनिक्स, हार्ड डिस्क, पार्टिशन, माउंट, फाइल प्रणाली, तंत्रज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाला दुसरी हार्ड डिस्क बसविणे ही आज अत्यंत किरकोळ बाब समजली जाते. युनिक्स कुळातील कोणत्याही प्रणालीवर या कामाचे टप्पे ठरलेले आहेत. डिस्क यंत्राला जोडायची, तिचे विभाग म्हणजे पार्टिशन पाडायचे, त्या विभागावर फाइल प्रणाली उभारायची, ती एखाद्या डिरेक्टरीवर 'माउंट' करायची आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर हे आपोआप व्हावे म्हणून एका यादीत त्याची नोंद करायची. पाठ्यपुस्तकांत या आज्ञा क्रमाने दिलेल्या असतात; मात्र हा क्रम असाच का, याविषयी ती बहुधा मौन पाळतात.

प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न पडला तो एका प्रसंगामुळे. २००९ साली एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत लेखक एम.फिल.च्या प्रबंधासाठी मोडी कागदांची लिप्यंतरे टंकलिखित करीत असे. प्रयोगशाळेतील लिनक्स यंत्रावर जागा अपुरी पडू लागल्याने एक अतिरिक्त डिस्क बसविण्यात आली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो सर्व वापरकर्त्यांचे फोल्डर नाहीसे झालेले! तीन महिन्यांचे काम गेले, असेच वाटले. साहाय्यकाने संपूर्ण प्रणाली नव्याने टाकण्याची तयारीही सुरू केली. सुदैवाने संगणकशास्त्राचे एक ज्येष्ठ शिक्षक तेथे आले. त्यांनी एकच आज्ञा दिली आणि सर्व फाइली जागच्या जागी दिसू लागल्या. नवी डिस्क भरलेल्या डिरेक्टरीवरच जोडली गेली होती. जुन्या फाइली नष्ट झाल्या नव्हत्या. त्या केवळ झाकल्या गेल्या होत्या. प्रणाली नव्याने टाकली गेली असती, तर मात्र त्या खरोखरच गेल्या असत्या.

असणे आणि दिसणे यांतील हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. तथापि एका यंत्रप्रणालीत तो कसा आला, कोणी आणला व कोणत्या गरजेतून आणला, याचा शोध घ्यावा असे वाटले. प्रस्तुत निबंध हा त्या शोधाचा परिपाक होय.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

या निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) 'माउंट' या संकल्पनेचा उगम स्पष्ट करणे, (२) डिस्कच्या विभाजनामागील कारणे काळानुसार कशी बदलत गेली हे दाखविणे, (३) आजच्या कार्यपद्धतीत या इतिहासाचे कोणते अवशेष टिकून आहेत हे तपासणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. युनिक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांच्या नियमपुस्तिका व तिच्या निर्मात्यांचे लेखन हा या विवेचनाचा मुख्य आधार आहे. अभ्यासाचा कालखंड १९६९ ते २०१२ असा मर्यादित ठेवला आहे.

माउंट संकल्पनेचा उगम

एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांच्या संयुक्त 'मल्टिक्स' प्रकल्पातून बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये बाहेर पडली. त्या प्रकल्पावर काम केलेले केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी त्याच वर्षी न्यू जर्सीतील मरे हिल येथे, पीडीपी-७ या छोट्या आणि तेव्हाही जुन्या झालेल्या यंत्रावर, युनिक्सची उभारणी सुरू केली. तिच्या फाइल प्रणालीचा आराखडा थॉम्पसन, रिची आणि रड कॅनडे यांनी मिळून तयार केला. पुढील वर्षी पीडीपी-११ हे यंत्र आले. त्याची डिस्क मात्र काही महिन्यांनी, डिसेंबर १९७० मध्ये, पोहोचली. ३ नोव्हेंबर १९७१ या दिनांकाच्या पहिल्या नियमपुस्तिकेत 'माउंट' आणि 'यूमाउंट' या दोन्ही विनंत्यांची नोंद आहे. म्हणजेच दुसरी डिस्क जोडण्याची सोय ही युनिक्सला नंतर लावलेली पुरवणी नसून ती तिच्या मूळ रचनेतच अंतर्भूत होती.

'माउंट' हा शब्द त्या काळी शब्दशः घेतला जाई. डिस्क म्हणजे यंत्राच्या पेटीत कायम बंद असलेली वस्तू नव्हे, तर हाताने काढता-घालता येणारी जड तबकड्यांची चवड. यंत्रचालक ती उचलून आसावर चढवीत असे. ही शारीरिक क्रिया पूर्ण झाल्यावर प्रणालीला तसे कळविणे आवश्यक होते आणि त्या कळविण्यालाही तेच नाव मिळाले. आज आस दिसत नाही, चवड उचलावी लागत नाही. शब्द मात्र राहिला आहे. उलट क्रियेच्या नावातील 'अन'मधला 'न' तेव्हाच गळाला, तो आजतागायत परतलेला नाही!

रिची व थॉम्पसन यांचा युनिक्सविषयीचा सुप्रसिद्ध निबंध जुलै १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्यात वर्णिलेल्या यंत्राला स्थिर शीर्षांची सुमारे १० लाख बाइटची एक डिस्क, प्रत्येकी २५ लाख बाइटच्या काढत्या-घालत्या तबकड्यांची चार उपकरणे आणि ४ कोटी बाइटचे एक मोठे उपकरण जोडलेले होते. फाइल-वृक्षाचे मूळ लहान पण वेगवान डिस्कवर होते. वापरकर्त्यांच्या फाइली असलेली मोठी डिस्क यंत्र सुरू होताना आपोआप जोडली जाई आणि चार लहान उपकरणे वापरकर्त्यांना स्वतःच्या तबकड्या चढविण्यासाठी मोकळी असत.

येथे युनिक्सच्या निर्मात्यांनी घेतलेला निर्णय लक्षणीय आहे. प्रत्येक डिस्कला वेगळे नाव देऊन ती वापरकर्त्यासमोर वेगळी ठेवणे हा एक मार्ग होता. पुढे सीपी/एम आणि डॉस या प्रणालींनी 'ए', 'बी', 'सी' या अक्षरांच्या रूपाने तोच स्वीकारला. युनिक्सने तो नाकारला. तिच्या रचनेत वृक्ष एकच. नव्या डिस्कवरील संपूर्ण रचना त्या वृक्षाच्या एखाद्या ठिकाणी कलम केल्याप्रमाणे जोडली जाते. ज्याला फाइल हवी आहे त्याने ती कोणत्या डिस्कवर आहे याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

या एकसंधतेला निर्मात्यांनी एक अपवाद मात्र मान्य केला. एकाच फाइलला दोन ठिकाणी नाव देणारा दुवा दोन वेगवेगळ्या फाइल प्रणालींच्या सीमा ओलांडू शकत नाही. तशी मुभा दिली असती, तर एक तबकडी उतरविल्यावर दुसरीवरील दुवे निराधार झाले असते आणि त्यांचा हिशेब ठेवणे अवघड झाले असते. वृक्ष एकच दिसतो. परंतु त्याखालील कलमांचे सांधे या नियमातून जाणवत राहतात.

वर उल्लेखिलेल्या प्रसंगाचे मूळही याच काळात सापडते. १९७४ च्या वर्णनानुसार जोडणीची जागा ही एक साधी फाइल, म्हणजे वृक्षाचे एक पान असे. त्या पानाच्या जागी नवी फांदी येई. झाकले जाई ते फार तर त्या एका फाइलमधील मजकूर. पुढे जोडणीची जागा डिरेक्टरी असावी असा संकेत रूढ झाला. डिरेक्टरी रिकामीच असावी, अशी सक्ती मात्र झाली नाही. परिणामी एका पानाऐवजी भरलेली संपूर्ण फांदी झाकली जाण्याची शक्यता निर्माण झाली. प्रयोगशाळेतील त्या सकाळी जे घडले तो दोष नव्हता. प्रणाली नियमाप्रमाणेच वागली होती.

विभाजनाचे पहिले कारण : अपुरी संख्या

जोडणी म्हणजे अनेकांचे एक करणे. विभाजन म्हणजे एकाचे अनेक करणे. दोन्ही गोष्टी एकाच प्रणालीत का नांदतात, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. सामान्य समज असा की, विभाजन सोयीसाठी केले जाते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची (१९७५) नियमपुस्तिका पाहता मूळ कारण वेगळे असल्याचे स्पष्ट होते.

त्या काळच्या युनिक्समध्ये डिस्कवरील प्रत्येक ठोकळा ५१२ बाइटचा असून त्याचा क्रमांक १६ द्विमान अंकांत लिहिला जाई. १६ अंकांत ६५,५३६ पेक्षा अधिक क्रमांक बसत नाहीत. म्हणजे एका फाइल प्रणालीत सुमारे ३ कोटी ३५ लाख बाइटपेक्षा अधिक जागा मोजताच येत नसे. आरपी जातीच्या मोठ्या डिस्कवर मात्र ८१,२०० ठोकळे, म्हणजे सुमारे ४ कोटी १५ लाख बाइट होते. यंत्र मोठे आणि मोजमाप तोकडे, असा हा पेच होता. त्यावर उपाय म्हणून डिस्कचे काल्पनिक विभाग पाडण्यात आले आणि प्रत्येक विभाग स्वतंत्र उपकरण असल्याचे भासविण्यात आले. एवढी मोठी डिस्क हाताळण्याजोग्या तुकड्यांत वाटता येते, हे कारण नियमपुस्तिकेत दुय्यम म्हणून येते.

हे विभाग डिस्कवर कोठेही लिहिलेले नसत. ते डिस्क चालविणाऱ्या आज्ञावलीतील एका तक्त्यात पक्के केलेले असत. शून्य क्रमांकाचा विभाग पहिल्या ४०,६०० ठोकळ्यांचा आणि एक क्रमांकाचा उरलेल्या ४०,६०० ठोकळ्यांचा. पण चार क्रमांकाचा विभाग पुन्हा आरंभापासून ६५,५३५ ठोकळ्यांचा होता. म्हणजे विभाग एकमेकांवर चढलेले होते. कोणते वापरायचे आणि कोणते वापरायचे नाहीत, हे प्रशासकाने लक्षात ठेवायचे. सर्व विभाग एकाच वेळी वापरात ठेवणे शहाणपणाचे नाही, असा इशारा पुस्तिका देते. प्रणाली स्वतः मात्र अडवीत नाही. एकाच जमिनीचे दोन सातबारे निघावेत आणि तंटा होऊ नये ही जबाबदारी तलाठ्याच्या स्मरणशक्तीवर सोपवावी, तसाच हा प्रकार होता.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत ठोकळ्यांच्या क्रमांकाला अधिक अंक मिळाले आणि ही मर्यादा संपली. तत्त्वतः विभाजनाचे कारणही तेथेच संपायला हवे होते. तसे झाले नाही. कारण गेले, पण प्रथा राहिली. आणि राहिलेल्या प्रथेला लवकरच नवी कारणे मिळाली.

विभाजनाचे दुसरे कारण : संरक्षण

नवी कारणे प्रामुख्याने संस्थात्मक वापरातून पुढे आली. एका यंत्रावर अनेक वापरकर्ते काम करू लागले, तेव्हा एकाच्या बेफिकिरीचा फटका सर्वांना बसू लागला. तात्पुरत्या फाइलींनी जागा व्यापली तर टपाल थांबे; नोंदवह्या फुगल्या तर प्रणालीच अडे. मूळ प्रणाली, तात्पुरती जागा आणि वापरकर्त्यांच्या फाइली यांना स्वतंत्र विभाग दिल्यास एका खोलीतील पाणी दुसरीत शिरत नाही, हे प्रशासकांनी अनुभवाने जाणले. वीज गेल्यावर फाइल प्रणालीची तपासणी विभागवार करता येई आणि राखीव प्रतही विभागवार घेता येई.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स परंपरेने या व्यवस्थेला शिस्त आणली. १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीत मार्शल कर्क मॅक्युसिक, बिल जॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेली वेगवान फाइल प्रणाली आली. तिने विभागाच्या आतही सिलिंडर-गट पाडले, महत्त्वाच्या प्रमुख नोंदीच्या प्रती अनेक ठिकाणी विखुरल्या आणि सुमारे दहा टक्के जागा सामान्य वापरकर्त्यांपासून राखून ठेवली. पुढे १९८८ च्या टाहो आवृत्तीत डिस्कवरच विभागांची नोंद लिहिणारी 'डिस्क लेबल'ची पद्धत आली. आज्ञावलीच्या पोटात दडलेला तक्ता अशा रीतीने डिस्कवर आला. डिस्क आता स्वतःची कागदपत्रे स्वतःबरोबर बाळगू लागली. ही घटना लहान दिसत असली, तरी प्रशासकाच्या स्मरणातून लिखित नोंदीकडे झालेले हे संक्रमण होते, असे म्हणता येईल.

याच सुमारास जोडणीच्या कल्पनेचाही विस्तार झाला. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएस (१९८५) या व्यवस्थेमुळे दुसऱ्या यंत्रावरील डिस्कही आपल्या वृक्षात जोडता येऊ लागली. हाताने चढविण्याच्या चवडीसाठी योजलेला शब्द आता दूरवरच्या, न दिसणाऱ्या डिस्कलाही लागू झाला.

विभाजनाचे तिसरे कारण : सहनिवास

वैयक्तिक संगणकाच्या क्षेत्रात विभाजन वेगळ्याच वाटेने आले. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटच्या डिस्कसह पीसी-एक्सटी हे यंत्र व त्यासोबत डॉसची दुसरी आवृत्ती आणली. एकाच डिस्कवर एकाहून अधिक प्रणाली नांदू शकाव्यात म्हणून डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये विभागांचा तक्ता ठेवण्यात आला. त्यासाठी जागा होती अवघी ६४ बाइट. प्रत्येक नोंद १६ बाइटची, म्हणून विभाग चारच! योगायोग असा की, १६ अंकी मोजमापामुळे ३२ मेगाबाइटची जी मर्यादा युनिक्सने १९७९ मध्ये ओलांडली होती, तीच १९८० च्या दशकात डॉसच्या वाट्याला आली. तेथेही उपाय तोच झाला : डिस्क मोठी, म्हणून विभाग पाडा.

१९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सची निर्मिती केली ती अशाच विभाजित डिस्कवर. एका विभागात मिनिक्स ही शिक्षणासाठी तयार केलेली प्रणाली होती. युनिक्सच्या परंपरेत प्रत्येक उपकरण हे एक फाइल असते; नाव चुकले की उपकरण चुकते. त्या वर्षी मोडेमला द्यावयाची दूरध्वनी जोडणीची आज्ञा टोरवाल्ड्स यांच्याकडून चुकून हार्ड डिस्कला गेली आणि मिनिक्सचा विभाग बिघडला. तो दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी लिनक्सच पूर्णत्वास नेण्याचे ठरविले. विभाजन व उपकरण-नामे यांतील निष्काळजीपणाची किंमत अनेकांनी मोजली आहे. तिच्यातून इतका मोठा लाभ क्वचितच झाला असेल.

लिनक्सने प्रारंभी मिनिक्सची फाइल प्रणाली वापरली. तिची मर्यादा ६४ मेगाबाइट होती. १९९२ मध्ये 'एक्स्ट' आणि १९९३ मध्ये 'एक्स्ट-२' या प्रणालींनी ती दूर केली. पुढे तक्त्यातील ३२ अंकी मोजमापामुळे २ टेराबाइटची भिंत उभी राहिली आणि ६४ अंकी क्रमांक वापरणारा जीपीटी हा नवा तक्ता रूढ झाला. १६, ३२, ६४ असा हा चढता क्रम आहे. प्रत्येक पिढीला आपले मोजमाप पुरेसे वाटले आणि बहुतेक वेळा डिस्कने ते खोटे ठरविले.

आजच्या कार्यपद्धतीतील ऐतिहासिक स्तर

आरंभी सांगितलेल्या टप्प्यांकडे आता पुन्हा पाहिले असता प्रत्येक टप्पा एका वेगळ्या काळाचा अवशेष असल्याचे दिसते. 'एफडिस्क' ही आज्ञा देऊन तक्ता लिहिणारा विद्यार्थी १९८३ च्या पीसी परंपरेत वावरत असतो. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात लिनक्सवर पोटविभागांची गणती पाचापासून सुरू होते, याचे कारण मूळच्या चार नोंदींत आहे. विभागावर फाइल प्रणाली उभारताना प्रमुख नोंदीच्या प्रती कोठे ठेवल्या याचे आकडे पडद्यावर झळकतात, ते बर्कलीची आठवण देतात. 'माउंट' ही आज्ञा थेट १९७१ कडे नेते. 'एफएसटॅब' या यादीतील सहा रकान्यांपैकी शेवटचे दोन राखीव प्रत आणि तपासणी यांच्यासाठी आहेत. बहुवापरकर्ता यंत्रांच्या काळातील प्रशासकाची काळजी त्यांत साठलेली आहे. त्याच यादीत अलीकडे उपकरणाच्या नावाऐवजी फाइल प्रणालीचा अद्वितीय क्रमांक लिहितात. डिस्क जोडण्याचा क्रम बदलला की उपकरणाचे नाव बदलते, हा अनुभव त्यामागे आहे.

'यूएसआर' या डिरेक्टरीचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. प्रारंभी येथे वापरकर्त्यांच्या फाइली असत, नावही त्यावरूनच आले. ती दुसऱ्या डिस्कवर होती आणि कालांतराने आज्ञावलींचा मोठा भागही तेथे गेला. त्यामुळे आज्ञावलींची मुळाजवळ एक व 'यूएसआर'खाली एक अशी दोन घरे झाली. डिस्क कितीतरी पटींनी मोठ्या झाल्या, तरी ही दोन घरे दशकानुदशके सांभाळली गेली. २०१२ मध्ये फेडोरा या लिनक्स वितरणाच्या सतराव्या आवृत्तीने ती एकत्र केली. सत्तरच्या दशकातील एका लहान डिस्कची सीमा पुसायला सुमारे चार दशके लागली.

दुसरीकडे विभाग आणि प्रत्यक्ष डिस्क यांचे नातेही सैल होत गेले. १९९० पासून आयबीएमच्या एआयएक्समध्ये आणि पुढे लिनक्समध्येही आलेल्या तार्किक खंडांच्या व्यवस्थेत अनेक डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटता येते. सन कंपनीने २००५ मध्ये खुल्या केलेल्या झेडएफएसमध्ये तर सर्व डिस्क एका सामायिक साठ्यात जमा होतात. पूर्वी जमिनीचे पोटहिस्से पाडले जात; आता समाईक खात्यातून गरजेनुसार वाटा मिळतो.

निष्कर्ष

१. माउंट ही युनिक्सच्या मूळ रचनेतील संकल्पना असून अनेक उपकरणांवरील फाइली एकाच वृक्षात दाखविणे हा तिचा हेतू आहे.

२. विभाजनाचा युनिक्समधील उगम प्रामुख्याने १६ अंकी मोजमापाच्या मर्यादेत आहे. संरक्षण आणि सहनिवास ही कारणे त्याला नंतर मिळाली.

३. मूळ कारण संपल्यावरही प्रथा टिकते आणि नवी कारणे धारण करते, हा सामाजिक संस्थांच्या इतिहासात आढळणारा क्रम तंत्रज्ञानाच्या इतिहासातही आढळतो.

४. विभागांची नोंद प्रशासकाच्या स्मरणातून आज्ञावलीत, आज्ञावलीतून डिस्कवर आणि तेथून अद्वितीय ओळखक्रमांकाकडे, अशी अधिकाधिक स्पष्ट होत गेली आहे.

५. जोडणीमुळे झाकल्या जाणाऱ्या मजकुराचा धोका हा रचनेचा स्वाभाविक परिणाम आहे. त्यावर उपाय आज्ञांच्या पाठांतरात नसून संकल्पनेच्या आकलनात आहे.

समारोप

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने शेवटचा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा वाटतो. त्या प्रयोगशाळेतील साहाय्यकाला आज्ञा पाठ होत्या. डिस्क त्यानेच बसविली होती आणि एकही टप्पा गाळला नव्हता. त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच की, माउंट म्हणजे बदलणे नव्हे, वर ठेवणे होय. ज्येष्ठ शिक्षकांना ते ठाऊक होते; म्हणून पुसण्याऐवजी त्यांनी वरचे उचलून पाहिले. संगणकशास्त्राच्या अध्यापनात इतिहासाला स्थान का असावे, या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला त्या दिवशी मिळाले. ती लिप्यंतरे पुढे प्रबंधात समाविष्ट झाली.